पहिल्या ओळीत काय आहे?

नवरात्रातला शनिवार. सकाळीच मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर मिल्टन कीन्सच्या एका काकूंचा निरोप आला : "तिकिटांचं पान उघडत नाही. नुसतं पांढरं दिसतं." मग तसेच आणखी सात-आठ. दिवाळी कार्यक्रमाची पत्रकं घरोघरी पोचली होती. त्यांवर छापलेल्या पत्त्यावर येणाऱ्याला तिकीटविक्रीच्या पानावर धाडायचं काम माझ्या चिमुकल्या पीएचपी स्क्रिप्टचं. हॉलचे उरलेले पैसे सोमवारी भरायचे होते, आणि ते तिकिटांतूनच यायचे होते.

घर बदललं की आपण रॉयल मेलला सांगून जुन्या पत्त्यावरची पत्रं नव्या घरी वळवतो ना, तसंच हे. सर्व्हर ब्राउझरला ३०२ हा क्रमांक आणि नवा पत्ता कळवतो. ब्राउझर मुकाट तिकडे जातो. मात्र हा पत्ता पाकिटावर लिहायचा असतो, आतल्या कागदावर नाही. आतल्या मजकुराचं एक अक्षर जरी आधी रवाना झालं, तरी पाकीट पेटीत पडलं म्हणून समजा.

मी पत्ता तपासला, स्वल्पविराम तपासले. घाईत ३०२ चं ३०१ करून पाहिलं. (हे करू नका. ३०१ म्हणजे कायमचं स्थलांतर, आणि ब्राउझर ते लक्षात ठेवतात.) तीच फाइल माझ्या लॅपटॉपवर मात्र सुरळीत चालत होती!

आदल्या रात्री फाइलला हात लावला होता तो आमच्या एका काकांनी. निवृत्त मराठीचे शिक्षक. "मी फक्त ‘दिपावली’चं ‘दीपावली’ केलं रे," ते म्हणाले. "पण हात लावलातच कशाला?" असं मी जरा जोरातच बोललो. त्यांनी फोन ठेवला.

दुपारी अखेर सर्व्हरची त्रुटींची नोंदवही उघडली. आधी तीच उघडायला हवी होती. मजकूर पाठवणं आधीच सुरू झालंय, सुरुवात ओळ १, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं. ओळ १ वर तर पीएचपीची सुरुवातीची खूण सोडून काहीच नव्हतं! फाइल बाइटनिशी पाहिली तेव्हा त्या खुणेच्याही आधी तीन बाइट सापडले : ईएफ, बीबी, बीएफ.

काकांच्या जुन्या विंडोजवरचं नोटपॅड यूटीएफ-८ फाइल जतन करताना सुरुवातीला ही अदृश्य खूण टाकायचं. २०१९ नंतरच्या विंडोज १० मध्ये ते आपणहून टाकत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्हही तीनच बाइटचं. म्हणजे पाकिटाआधी जणू एक न दिसणारं अक्षर निसटत होतं. माझ्या लॅपटॉपवरचं पीएचपी पहिले ४०९६ बाइट राखून ठेवतं, म्हणून तिथे दोष झाकला गेला. सर्व्हरवर तशी सोय बंद होती, आणि चुका पडद्यावर दाखवणंही बंद. म्हणून कोरं पान.

ती खूण काढून फाइल पुन्हा चढवली. चार वाजता मिल्टन कीन्सहून पाच तिकिटं आली. मग काकांना फोन केला, सकाळच्या बोलण्याची माफी मागितली आणि सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ‘दी’ दीर्घच राहिला ना?"

"राहिला, काका."