ग्रह नको, माणूस बदला

परग्रहावर वस्ती करायची म्हटली की विज्ञानकथेतला माणूस आधी त्या ग्रहालाच वेठीला धरतो. हवा बदला, बर्फ वितळवा, शेवाळं सोडा. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी तर १९६१मध्येच शुक्राच्या ढगांत शेवाळं सोडून तिथली हवा पालटायची कल्पना मांडली होती. बेकी चेंबर्स या अमेरिकी लेखिकेची २०१९ची लघुकादंबरी ‘टू बी टॉट, इफ फॉर्च्युनेट’ मात्र हा खटाटोपच नाकारते. तिच्यातले चार अंतराळवीर एका दूरच्या ताऱ्याभोवतालची जगं धुंडाळतात आणि दर वेळी बदलतं ते त्यांचं शरीर, तेही गाढ झोपेत. अंधुक उजेडाच्या बर्फाळ चंद्रावर त्यांची त्वचा चकाकू लागते, जड गुरुत्वाच्या ग्रहावर स्नायू भरतात.

या कल्पनेचं मूळ जुनं आहे. अवकाश माणसाजोगं करण्यापेक्षा माणूसच अवकाशाजोगा करावा, असं मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या संशोधकांनी १९६०मध्येच एका लेखात सुचवलं होतं. ‘सायबोर्ग’ हा शब्द त्याच लेखातला.

मग यातलं शक्य किती? निसर्गाने काही युक्त्या आधीच करून ठेवल्या आहेत. अंटार्क्टिकाच्या समुद्रात पाणी उणे १.९ अंशांपर्यंत उतरतं, तरी तिथल्या काही माशांचं रक्त गोठत नाही. त्यातली प्रथिनं बर्फाच्या कणाला चिकटून त्याची वाढ रोखतात. टार्डिग्रेड हा सूक्ष्म जीव किरणोत्साराला दाद देत नाही. त्याचं ‘डीसप’ हे प्रथिन जपानी संशोधकांनी २०१६मध्ये मानवी पेशींत घातलं, तेव्हा क्ष-किरणांनी डीएनएची होणारी हानी सुमारे ४० टक्क्यांनी घटली. झालं काम? नाही. हेच प्रथिन प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशींत घातल्यावर डीएनएची हानी उलट वाढली. एका पेशीला जे तारक, ते दुसरीला मारक. कादंबरी हा गुंता एका झोपेत सोडवून टाकते. तेवढी सवलत लेखिकेला द्यायला हरकत नाही.

आजचं वास्तव फार पाठीमागे आहे. वजनरहित अवस्थेत कंबरेच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते, म्हणून अंतराळ स्थानकावर रोज सुमारे दोन तास व्यायाम ठेवलेला असतो. २०२५मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला तिथे गेले, तेव्हा त्यांच्या भारतीय प्रयोगांत टार्डिग्रेड होते आणि स्नायूपेशीही.

कादंबरीचं नाव ‘व्हॉयेजर’ यानांवरच्या सोनेरी तबकडीतल्या संदेशावरून घेतलं आहे. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांचा तो संदेश. ‘व्हॉयेजर-१’ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जातंय. म्हणजे एक प्रकाशवर्ष कापायला त्याला सुमारे साडेसतरा हजार वर्षं लागतील. प्रवासाचा हा प्रश्न कादंबरीत जरा हलक्या हाताने निपटला आहे.

तिची खरी ताकद दुसरीकडे आहे. परक्या जीवसृष्टीत आपले जंतू जाऊ नयेत, याची तिच्यातल्या माणसांना सतत धास्ती असते, आणि ती काल्पनिक नाही. मंगळावर उतरणारी ‘व्हायकिंग’ यानं धाडण्याआधी शंभराहून अधिक अंश तापमानात तासन्‌तास भाजून काढली होती. एन्सेलाडस आणि टायटन या चंद्रांवर चुकून आदळू नये, म्हणून इंधन संपत आलेलं ‘कॅसिनी’ यान १५ सप्टेंबर २०१७ रोजी मुद्दाम शनीच्या वातावरणात जाळून टाकण्यात आलं. इंग्रजी वाचायचा कंटाळा नसेल, तर ही छोटी कादंबरी जरूर मिळवा. मराठीत कुणी आणली, तर आणखी बरं.