रोहा ते केंब्रिज… आणि रिटर्न!

पेणचा गणपती परदेशी जातो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण परदेशी विद्यापीठं पेणच्या शेजारी यायला निघालीत, हे माहीत आहे का?

जून २०२५ मध्ये पाच परदेशी संस्थांना कॅम्पससाठी इरादापत्रं मिळाली: यॉर्क, ॲबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची डिझाइन संस्था आयईडी. कॅम्पस मुंबई-नवी मुंबई परिसरात. नवी मुंबई विमानतळाजवळ तर अख्खी ‘एज्युसिटी’ उभारायचा बेत आहे. आणि हा विमानतळ कुठल्या जिल्ह्यात? आपल्या रायगडात! तालुका पनवेल, म्हणजे पेणचा सख्खा शेजारी.

आता क्विझ! परदेशी विद्यापीठांना दार उघडणाऱ्या यूजीसीचे १९५६ ते १९६१ अध्यक्ष कोण होते? चिंतामणराव देशमुख. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, घराणं रोह्याचं!

या माणसाला दुसरा नंबर जणू माहीतच नव्हता. १९१२ ला मॅट्रिकला पहिला, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट स्कॉलरशिप खिशात. १९१८ ला आयसीएसलाही पहिला. मधल्या काळात केंब्रिजला काय शिकले? वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र. आणि १९४३ मध्ये झाले रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर! फुलांच्या पाकळ्या मोजणारा हात नोटांवर सही करू लागला. १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वूड्सला जागतिक बँक आणि नाणेनिधीचा आराखडा ठरला, तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात हे रोहेकर हजर. आज ज्याला ‘मल्टिडिसिप्लिनरी’ म्हणतात ना, ते हेच! रोह्याच्या कॉलेजला त्यांचं नाव आहे, ते उगाच नाही.

थांबा, खरी गंमत पुढेच आहे. देशमुखांच्या फक्त चार महिने आधी, ११ सप्टेंबर १८९५ ला, पेण तालुक्यातल्या गागोद्यात एक मुलगा जन्मला. त्याने १९१६ मध्ये सर्टिफिकेटं सरळ चुलीत घातली. मग इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसला, सुरतेला उतरला आणि काशी गाठली. विनोबा भावे! जगातले सगळे ड्रॉपआउट एकीकडे, आमचा पेणकर एकीकडे.

आणि ‘रिमोट लर्निंग’ म्हणाल, तर १९३२ चा धुळ्याचा तुरुंग बघा. वर्ग कोठडीतला, विषय गीता, लेक्चर विनोबांचं, नोट्स साने गुरुजींच्या. ना माइक, ना रेकॉर्डर. पण त्या नोट्स कितीतरी भाषांत पोचल्या.

रेकॉर्ड हवाय? घ्या! विनोबांना मॅगसेसे १९५८ ला, देशमुखांना १९५९ ला. एक डिग्रीवाला, एक बिनडिग्रीचा, पुरस्कार लागोपाठ. तिसरे रोह्यात जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले, १९९६. पेण-रोह्याची हॅटट्रिक!

आता फीची गोष्ट. माझं स्पष्ट मत आहे: परदेशी कॅम्पस दाराशी आले तरी, रोह्याहून सकाळच्या मेमूने निघणाऱ्या मुलीला तिथे बसायला बाक हवा. १९१२ ला स्कॉलरशिप होती, तर आताही हवी, आणि भरघोस हवी.

आणि एक मागणी इटलीच्या डिझाइनवाल्यांकडे. पेणजवळच्या हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत या. शाडूच्या मूर्तीवर डोळ्यांची आखणी चालते, तेव्हा कारागीर श्वाससुद्धा जपून घेतो. तुमचा पहिला व्हिजिटिंग प्रोफेसर तिथेच पाटावर बसलाय, हातात ब्रश घेऊन!