लाकडी पाटीसाठी ‘रांगडा’ फॉन्ट कसा निवडायचा? एका छोट्या संशोधनाची आखणी

संशोधनाच्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींना पहिली अडचण येते ती प्रश्नाची. विषय असतो, उत्साह असतो, पण प्रश्न मोजता येईल असा नसतो. आज त्यासाठी प्रयोगशाळेबाहेरचं एक उदाहरण घेऊ.

आमच्या उमरठला नरवीर तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. त्यामुळे पोलादपूरहून आत येणाऱ्यांची ये-जा असते. समजा, गावातल्या कुणाला घरांच्या नावांच्या लाकडी पाट्या करून विकायच्या आहेत. पहिला प्रश्न हमखास येतो, ‘जुना, रांगडा, वेस्टर्न पिक्चरसारखा फॉन्ट कुठला?’ आता ‘रांगडा’ मोजायचा कसा? इथूनच सुरुवात करू.

रांगडेपणा येतो कुठून?

वेस्टर्न म्हणून आपण जी जाड पायांची अक्षरं ओळखतो, ती अमेरिकेतल्या पोस्टरांची आहेत. मोठ्या आकाराची धातूची अक्षरं जड आणि महाग पडायची. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स यांनी लाकडी अक्षरं यंत्रावर कापायची पद्धत बसवली आणि १८२८ मध्ये त्यांचा कॅटलॉग काढला. १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थ यांनी त्याला पँटोग्राफ जोडला. मग एकाच नमुन्यावरून अक्षर मोठं, अरुंद, रुंद करता येऊ लागलं. म्हणजे ते रूप हत्यार आणि लाकूड यांच्यातून आलं.

‘राय’सारखे फॉन्ट त्या पोस्टरांवरूनच केलेले आहेत, पण त्यात देवनागरी नाही. त्यात मराठी टाइप केलं तर सॉफ्टवेअर गुपचूप दुसराच फॉन्ट लावतं आणि आपण समजतो, हाच तो!

‘शिवकालीन’ नावाने मिळणाऱ्या तलवारीसारख्या अक्षरांबद्दलही सावध राहा. त्या काळचा मराठी दरबारी कागद मुख्यतः मोडीत, बोरूने लिहिलेला. तेव्हा ‘शिवकालीन दिसतं’ हे आजच्या डोळ्याचं मत झालं, पुरावा नव्हे. प्रबंधात अशी वाक्यं आली की गाईड पहिला लाल शेरा तिथेच मारतात.

देवनागरीत काय बदलतं?

रोमन अक्षरं सुटी असतात. आपली शिरोरेषेला टांगलेली. याचे तीन परिणाम होतात.

एक, अख्खा शब्द कापून काढला तर शिरोरेषा त्याला एकसंध धरते. हा फायदाच. पण ‘सिंहगड’मधला अनुस्वार सुटा पडतो, तो वेगळा चिकटवावा लागतो. ‘ग’चा दंड फक्त वरून धरलेला असतो. साध्या फळीचे रेषे शिरोरेषेच्या दिशेने ठेवले, तर खाली लोंबणारे दंड रेष्यांना आडवे येतात आणि धक्क्याने तुटतात. अशा कामाला प्लायवूड बरं, नाहीतर मागे दुसरी फळी लावा.

दोन, स्टेन्सिल करायची असेल तर हिशेब उलटा. ‘उमरठ’ हाच शब्द घ्या. ‘ठ’च्या गोलाचा मधला भाग आणि ‘म’ची वरची चौकट, दोन्ही गळून पडतात. तिथे पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे छोटे पूल ठेवावेच लागतात.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. झिजल्यासारखे दिसणारे फॉन्ट रोमनमध्ये खपून जातात. आपल्याकडे शिरोरेषेत पडलेली फट अक्षरच बदलू शकते. ‘म’ आणि ‘भ’, ‘घ’ आणि ‘ध’ यांत फरक वरच्या वळणाचा आणि त्या फटीचा. खोट्या झिजेने ‘मोर’चं ‘भोर’ झालं, तर वरंध घाटापलीकडचं गाव पाटीवर येईल. गिऱ्हाईकाचं नाव चुकलं की फळीही गेली आणि विश्वासही.

प्रश्न मोजता येईल असा करा

‘रांगडा फॉन्ट कुठला?’ हा प्रश्न सोडा. त्याऐवजी असं विचारा: ‘३ मिमी राउटर बिटने कापलेल्या, १०० मिमी उंचीच्या अक्षरांत, अनोळखी शब्द किती अंतरावरून बिनचूक वाचला जातो?’ आता हत्यार, आकार आणि निकाल ठरले.

कागदावरच निम्मी चाळणी होते. राउटर बिट स्वतःच्या जाडीपेक्षा अरुंद खाच कापू शकत नाही, आणि आतला कोपरा बिटच्या त्रिज्येइतका गोल होतो. म्हणजे ३ मिमी बिटला २ मिमीची फट जमणारच नाही. ‘एक टाइप’चा ‘मोडक’ दिसायला गुबगुबीत आणि मजेदार आहे, पण त्याच्या आतल्या फटी केसासारख्या. लहान पाटीवर त्या बुजतात. ‘यात्रा वन’ मुंबईच्या लोकलवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे, त्यात कुंचल्याचं वळण आहे. ‘मुक्ता’ साधा, तो तुलनेसाठी ठेवा. रांगडेपणा फळीच्या रेष्यांतून आणि पटाशीच्या खुणांतूनही आणता येतो, अक्षर झिजवायची गरज नाही.

पाटीवाल्यांचा एक ढोबळ नियम असतो: दर १० फूट अंतराला १ इंच उंची. तो रोमन कॅपिटल अक्षरांवर बेतलेला आहे. आपल्याकडे वर मात्रा-वेलांटी, खाली उकार असतो. म्हणून तो गृहीतक समजा आणि तपासा.

तपासणी

तिन्ही फॉन्टांत शब्दांचे प्रिंट काढा आणि पाचसहा जणांना लांबून जवळ यायला सांगा. बिनचूक वाचलं ते अंतर टेपने मोजा. शब्द मात्र ‘तानाजी’ ठेवू नका. उमरठला तो शब्द कुठल्याही फॉन्टमध्ये, अर्धा झाकला तरी, वाचला जाईल. तिथे तुम्ही फॉन्ट नाही, वाचकाची ओळख मोजताय. ‘घर-धर’, ‘मोर-भोर’, ‘खोऱ्यात’ असे शब्द घ्या. ‘ऱ्य’ कित्येक फॉन्टांत मोडतो, तेही कळेल. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का, तेही इथेच बघा. आणि प्रत्येकाला फॉन्टांचा क्रम बदलून दाखवा, नाहीतर शेवटचा फॉन्ट सरावामुळेच जिंकेल.

कापायला देण्याआधी

परवाना वाचा. ‘वैयक्तिक वापरासाठी मोफत’ म्हणजे विकायच्या पाटीसाठी मोफत नव्हे. ओपन फॉन्ट लायसन्सचे फॉन्ट अशा विक्रीच्या वस्तूंवर चालतात.

मजकुराचे पाथ करून फाइल द्या, म्हणजे दुकानात तो फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. पण तिथे थांबू नका. पाथ केल्यावर शेजारची अक्षरं शिरोरेषेत एकमेकांवर चढलेली असतात. इंकस्केपमध्ये युनियन, कोरलमध्ये वेल्ड केलं नाही, तर लेझर प्रत्येक जोडावर काप मारतो आणि अख्खा शब्द सुट्या अक्षरांत हातात येतो.

निष्कर्ष लिहिताना मर्यादाही त्याच वाक्यात लिहा: ‘या बिटने, या उंचीला, या वाचकांत हा फॉन्ट सर्वांत लांबून वाचला गेला.’ ‘सर्वोत्तम मराठी फॉन्ट’ असं लिहू नका, कारण तेवढं तुम्ही तपासलेलंच नाही. पहिली पाटी करायच्या आधी हा तक्ता एका वहीच्या पानावर आखून बघा, दुपारभराचं काम आहे.