तुमची लिस्ट नागझिऱ्यात उघडते का?

साकोली सोडून गाडी पिटेझरीच्या रस्त्याला लागली, तशा मोबाईलच्या कोपऱ्यातल्या काड्या एकेक करून गळायला लागल्या. गेटवर पोहोचेपर्यंत माझ्या सिमला तरी एकही उरली नव्हती. "टावर नाही भेटत ताई इथं. फोटो काढाले बेस हाये फोन," गाईडदादा हसत म्हणाले. मीही हसले. दोन दिवस कुणाचा फोन नाही, म्हणजे सुखच की!

सुख संध्याकाळपर्यंत टिकलं. रविवारी रात्री एक लेख द्यायचा होता. ८०० शब्द, दीड रुपया शब्द, म्हणजे १२०० रुपये. मुक्कामाच्या खोलीवर लॅपटॉपमध्ये लिहून टाकू, परतताना साकोलीत रेंज आली की पाठवू, असा एकदम पक्का प्लॅन. पण लेख नेमका कशावर हवा, त्यात काय घ्यायचं, काय टाळायचं, हे सगळं मी एका देखण्या टू-डू ॲपमध्ये टाकून ठेवलेलं. ॲप उघडलं. पांढरा स्क्रीन आणि मधोमध फिरणारं चक्र. ते फिरतच राहिलं. लेख अंदाजाने लिहिला, तो भलताच निघाला, आणि त्या क्लायंटने पुन्हा काम दिलं नाही. ॲपचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती. मी ते रंग बघून निवडलं होतं.

तुमच्यापैकी कितीतरी जण कॉलेज करता करता लिहायची कामं घेतात. अनुवाद, कंटेंट, सबटायटल्स, रीलच्या स्क्रिप्ट. नोकरीत आठवण करून द्यायला कुणीतरी बॉस असतो. आपल्याला कोण आहे? परीक्षा, सबमिशन, दोन क्लायंट आणि घरचं लग्न, सगळं एकाच आठवड्यात येतं, आणि विसरलं तर थेट पैसे जातात.

गंमत म्हणजे याच जंगलाने मराठीला नोंदी ठेवणारे लेखक दाखवले. नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आलं. व्यंकटेश माडगूळकर इथे राहून गेले आणि त्यांनी 'नागझिरा' लिहिलं. किरण पुरंदरे ४०० दिवस राहिले, त्यातून 'सखा नागझिरा' आलं. शेजारच्या नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी पुढे 'पक्षिकोश' केला. असलं काम रोजच्या नोंदींशिवाय होतच नाही. वहीला टॉवर लागत नाही. पण वही संध्याकाळी पाच वाजता वाजतही नाही, आणि बसमध्ये राहिली की गेली. म्हणून ॲप हवंच. फक्त ते निवडताना माझ्यासारखं करू नका.

आधी फोन फ्लाइट मोडवर टाका. लिस्ट उघडा, तीन कामं नवी लिहा, एक जुनं टिक करा. ॲप पूर्ण बंद करून परत उघडा. सगळं जागेवर आहे? आता नेट चालू करा आणि लॅपटॉपवर तेच दिसतंय का बघा. पाच मिनिटांचं काम आहे, माझे १२०० रुपये वाचले असते. गूगल टास्क्स, मायक्रोसॉफ्ट टू डू, टूडूइस्ट यांची मोबाईल ॲप्स नेट नसतानाही लिहून घेतात आणि रेंज आली की जुळवून घेतात. नोशनला ही सोय यायला २०२५ उजाडलं. आणि हो, ब्राउझरमध्ये उघडलेली लिस्ट म्हणजे ॲप नव्हे. टेस्ट ज्यावर काम करता त्याच फोनवर करा.

मग भाषा. टूडूइस्टमध्ये इंग्रजीत 'टुमॉरो फाइव्ह पीएम' टाइप केलं की ते आपोआप तारीख लावतं. 'उद्या पाच वाजता' लिहिलंत तर तारीख हातानेच टाकावी लागते. फार मोठी अडचण नाही, पण दिवसातून दहा वेळा करावं लागलं की कंटाळा येतो, आणि कंटाळा आला की लिस्ट बंद पडते.

ॲपच बंद पडलं तर? वंडरलिस्ट आठवतंय? लाखो लोक वापरायचे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ते विकत घेतलं आणि ६ मे २०२० ला बंद केलं. यादी टू डूमध्ये हलवायची सोय होती म्हणून बरं. आपली यादी बाहेर काढता येते का, हे सेटिंगमध्ये आधीच शोधून ठेवा.

नोशनबद्दल एक कबुली. मी एकदा त्यात तीन तास टेम्प्लेट सजवत बसले. कव्हर फोटो, इमोजी, वेगवेगळे रंग. लिहायचं होतं ते दोन परिच्छेद. ते दुसऱ्या दिवशी लिहिले.

पण खरी गडबड वेगळ्याच ठिकाणी होते. आपण 'लेख पाठवला' इथे टिक करतो आणि मोकळे होतो. फ्रीलान्सरचं काम तिथे संपतं का? बिल कोण पाठवणार? टीडीएस कापला का, कोण बघणार? माझं एक बिल असंच चार महिने पाठवायचंच राहिलं होतं. त्यांनी बुडवलं नव्हतं, मी मागितलंच नव्हतं! तेव्हापासून ट्रेलोवर एकच बोर्ड ठेवलंय, फुकटातलं. त्यात उभ्या सहा रांगा: विषय सुचवला, होकार आला, लिहितेय, दिलं, बिल पाठवलं, पैसे आले. प्रत्येक काम म्हणजे एक कार्ड, ते सरकवत न्यायचं. तारखा गूगल टास्क्समध्ये, कारण त्या कॅलेंडरवर दिसतात. दोन ठिकाणी ठेवायचा ताप होतो, खरं सांगते. ज्याच्याकडे महिन्याला दोनच कामं आहेत त्याने ट्रेलोच्या भानगडीत पडू नये. टास्क्समध्ये कामाखाली उपकामं टाकता येतात, त्यातलं शेवटचं 'पैसे आले' ठेवा, झालं.

डिसेंबरात परत नागझिऱ्याला गेले. या वेळी निघायच्या आदल्या रात्री क्लायंटची सगळी माहिती फोनमध्ये उतरवली, आणि वहीच्या एका पानावर पण. गाईडदादा तेच होते. "या टाइमाले लेख झाला का ताई?" त्यांनी विचारलं. झाला. साकोलीच्या स्टँडवर चहा घेताना पाठवला.

त्या लेखाचं कार्ड अजून पाचव्या रांगेत आहे. उद्या अकरा वाजता अकाउंट्सवाल्या दादांना फोन करायचाय. तारीख टाकून ठेवली आहे.