पद्मिनीचं आतलं काम

आमच्या प्रीमियर पद्मिनीच्या डॅशबोर्डवरची गादी वरून ओढून निघत नाही. पुढच्या सीटवर उताणं पडायचं, डोकं स्टिअरिंगखाली घालायचं आणि पत्र्यामागचे गंजलेले नट न बघता, बोटांच्या अंदाजाने सोडवायचे. शेवटचा नट सुटला की गादी हातात येते आणि सोबत पिवळा भुगा छातीवर सांडतो. हा भुगा म्हणजे एके काळचा फोम. ऊन आणि दमट हवा यांनी तो असा आतल्या आत खाल्लेला असतो.

वरच्या रेक्झिनचं दुखणं वेगळं. कापडावर पीव्हीसीचा थर असतो आणि तो लवचीक राहावा म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळलेलं असतं. काचेखाली तापून ते हळूहळू उडून जातं. पुढच्या काचेवर आतून जो तेलकट थर धरतो, त्यात तेही असतं. ते गेलं की रेक्झिन आकसतं, कडक होतं आणि ताण असेल तिथे तडकतं.

ही गादी शोभेची नाही. अपघातात डोकं आपटलं तर मार कमी बसावा म्हणून ती आली. फोर्डने १९५६ साली अमेरिकेत असा डॅशबोर्ड जादा पैसे घेऊन द्यायला सुरुवात केली आणि १९६८ पासून तिथे गाडीच्या आतल्या आघाताविषयीचे नियमच लागू झाले. म्हणून सडका फोम खरवडून पत्र्यावर नुसतं नवं रेक्झिन चिकटवून देणारे कुशनवाले मला पटत नाहीत. वरून काम देखणं दिसतं, पण गादी गेलेलीच असते.

आमचे कुशनवाले चाचा त्यातले नव्हेत. जुनं रेक्झिन मी कचऱ्यात टाकायला निघालो तर त्यांनी हात धरला. "भाऊ, ते फेकू नका. आपला फर्मा तोच आहे." त्यांनी ते गरम हवेने मऊ करून फळीवर पसरलं, खडूने कडा मारल्या, दुमडीसाठी जागा सोडली आणि मगच नव्या रेक्झिनला कात्री लावली. फोम त्यांनी बोटाने दाबून निवडला. फार मऊ असला तर आतला पत्रा लागतो, फार जाड असला तर गादी काचेच्या रबराला भिडते आणि पुन्हा बसतच नाही.

खरी कसोटी चिकटवताना. सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावायचं आणि बोट टेकवल्यावर चिकट लागेल, पण बोटाला येणार नाही, इतपत सुकू द्यायचं. त्याआधी घाई केली तर फुगे धरतात. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून चाचा मधून सुरुवात करून तळहाताने कडांकडे दाबत गेले. कोपऱ्यावर रेक्झिन गरम करून ताणलं, मागच्या बाजूला बारीक चिरा दिल्या आणि चुणी पडू न देता ते आत वळवलं.

दारांच्या पॅनलांनी मात्र जास्त वेळ खाल्ला. त्यांच्या आत हार्डबोर्ड असतो आणि तो नेहमी खालून कुजतो. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरणारच. ते जाण्यासाठी दाराच्या तळाला भोकं असतात आणि पॅनल कोरडं राहावं म्हणून मागे प्लास्टिकचा कागद लावायचा असतो. कधीतरी काच वरखाली होईना म्हणून कोणी दार उघडतो, कागद फाडतो आणि तो परत लावत नाही. भोकांत चिखल साचतो. पुढच्या पावसाळ्यात हार्डबोर्ड फुगतो, क्लिपा सुटतात आणि लोक दोष रेक्झिनला देतात. चाचांनी आधी तारेने भोकं मोकळी केली, नवा कागद लावला आणि मगच पॅनल ठोकली. जुन्या क्लिपा रॉकेलमध्ये धुऊन परत वापरल्या. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या. त्यामुळे अशा बारीकसारीक वस्तू आता जपूनच ठेवाव्या लागणार.

रेक्झिन मी बिनचकाकीचं काळं निवडलं. चकचकीत गादीचं प्रतिबिंब दुपारच्या उन्हात पुढच्या काचेवर पडतं आणि समोरचा रस्ता नीट दिसत नाही. त्याच कारणाने पॉलिशही लावत नाही. ओलं फडकं पुरतं.