पडद्यावर न दिसणाऱ्या ओळी

कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी उभारलेला एन. डी. स्टुडिओ खालापूर तालुक्यात, पण तो ओळखला जातो कर्जतच्या नावाने. २००८ साली स्टार प्रवाहवर सुरू झालेली ‘राजा शिवछत्रपती’ ही मालिका तिथलीच. अशा मालिकेचे संवाद ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकाला वाचायला द्यायचे, तर दोन मार्ग असतात: अक्षरे चित्रातच कायमची बसवायची किंवा चित्रासोबत वेगळी माहिती म्हणून पाठवायची. दुसरा मार्ग निःसंशय चांगला. हवे तेव्हा मजकूर दाखवता येतो, नको तेव्हा बंद करता येतो, शोधताही येतो. मात्र संगणकात चित्र टिपणारे कार्ड आणि ते चालवणारा ड्रायव्हर ही माहिती सर्वांना कळेल अशा एकाच ठरलेल्या रूपात पुढे देत असतील, तरच त्याचा उपयोग.

आपल्याकडच्या जुन्या पॅल पद्धतीत ६२५ रेषा असत, चित्र मात्र ५७६ रेषांतच मावे. उरलेल्या वेळात इलेक्ट्रॉनचा झोत तळाकडून पुन्हा वर जाई. या रिकाम्या रेषांत बीबीसीने १९७४ मध्ये ‘सीफॅक्स’ ही टेलिटेक्स्ट सेवा बसवली. दिल्ली दूरदर्शनची ‘इनटेक्स्ट’ १९८५ मध्ये आली. अमेरिकेने संवादांच्या मथळ्यांसाठी (कॅप्शन) एकविसावी रेषा राखली. जुनी कार्डे अशा एका रेषेची सुमारे दोन हजार मोजमापे जशीच्या तशी संगणकाला देत. त्यातून निघणारा टेलिटेक्स्टचा मजकूर जेमतेम ४२ बाइट. लिनक्स संगणकप्रणालीतल्या व्हिडिओ-फॉर-लिनक्सने अशा वेगळ्या काढलेल्या मजकुरासाठी साचा ठरवला: सेवा कोणती, रेषा कितवी, क्षेत्र (फील्ड) कोणते आणि मग माहिती. पुढे चित्र स्वतःच एमपेगमध्ये दाबणारी कार्डे आली आणि घोटाळा झाला. चित्र एका वाटेने, मजकूर दुसऱ्या वाटेने. दोघांची वेळ जुळवायची कोणी? अशा कार्डांच्या ‘आयव्हीटीव्ही’ ड्रायव्हरने मजकूर एमपेगच्या प्रवाहातच ‘आयटीव्ही०’ अशी खूण घालून ठेवला आणि नंतर ती मांडणी अधिकृत दस्तऐवजात नोंदली गेली. ती सर्वांत देखणी नसेल; पण लिहून ठेवलेली आहे, आणि माझ्या मते महत्त्व त्यालाच आहे.

कोणी म्हणेल, दूरदर्शनने जमिनीवरची बहुतेक अ‍ॅनालॉग प्रक्षेपणे बंद केली, आता या उठाठेवीचे काय? पण जुन्या फिती कपाटांत आहेतच. साध्या व्हीएचएसवर अमेरिकी मथळे बहुधा टिकतात, टेलिटेक्स्ट मात्र विस्कटते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माथेरान आणि भोर घाटाच्या मधल्या कर्जत-खालापूरसारख्या मुलखात डोंगरावरून परतलेल्या लहरी मूळ लहरींत मिसळू शकतात. चित्राला फिकट सावली पडते, पण टेलिटेक्स्टमध्ये अक्षरच बदलते. कार्डाने घाईने लावलेला अर्थ तेवढा ठेवला, तर चूक दुरुस्त करायला मूळ पुरावा उरत नाही. हे मान्य करायलाच हवे: संग्रहालयाने कच्ची मोजमापेही जपावीत. घरच्या रेकॉर्डिंगला ते ओझे नको.

तिसरा आक्षेप आपल्या जिव्हाळ्याचा. अमेरिकी मथळ्यांच्या किंवा टेलिटेक्स्टच्या मूळ अक्षरतक्त्यांत देवनागरीला जागाच नव्हती. मग मराठीला या प्रमाणीकरणाचे काय? उलट, अशा उणिवांमुळेच आपली अक्षरे चित्रात पक्की बसवणे सोयीचे ठरले. डिजिटल प्रक्षेपणाच्या डीव्हीबी पद्धतीतही उपशीर्षके बहुधा चित्ररूपानेच जातात: देवनागरी दिसते उत्तम, पण त्यातला शब्द शोधता येत नाही. माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०१९ मध्ये कर्णबधिरांसाठी दूरचित्रवाणीचे सुगम्यता मानक जाहीर केले. त्यामागोमाग मागणी हवी ती युनिकोडमधल्या, वेळेची नोंद असलेल्या मजकुराची, आणि तो प्रक्षेपणापासून सेट-टॉप बॉक्सच्या रेकॉर्डिंगपर्यंत मध्येच न गळता पोचण्याची.