धुऱ्याची भांडणं नकोत म्हणून

तेल्हाऱ्यात माझ्या चुलतभावाचं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नसराईत पत्रिका, एरवी बिलबुकं आणि हंगाम आला की पीकविम्याचे अर्ज. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. दादाच्या डब्यात सहावी पिढी. टुणटुणीत चालणारं यंत्र नियमानं म्हातारं ठरलं. मी म्हटलं, लिनक्स टाकू. दादा म्हणाला, "तुले जे टाकाचं ते टाक राजा, पण माह्यं पेजमेकर हाललं नाही पाह्यजे."

त्याचं चुकत नव्हतं. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ ची. ॲडोबीनं त्यानंतर सगळा भर इनडिझाइनवर दिला, पण गावोगावच्या मराठी छपाईनं पेजमेकर सोडलं नाही. कारण फाँट. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांच्या जुन्या फाँटांत 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसतो. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागेवर 'क'चं चित्र बसवलेलं असतं. फाँट नसेल तर अख्खी पत्रिका इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसते. युनिकोडनं हे दुखणं मिटवलं, पुण्यातल्या रेड हॅटनं लोहित फाँट मोफत दिले, सी-डॅकनं २००७ मध्ये 'बॉस' नावाचं भारतीय लिनक्सही आणलं. पण दादाच्या वीस वर्षांच्या फाइली काही युनिकोडात जन्मल्या नव्हत्या.

म्हणजे विंडोज आणि लिनक्स, दोन्ही हवं. आता प्रश्न राहिला जागेचा.

एकाच डिस्कचे दोन भाग पाडून दोन सिस्टिम बसवता येतात. याला पार्टिशन म्हणतात आणि आपल्याकडच्या वाटणीचे सगळे गुण त्यात आहेत. शेत एक, मधे धुरा, आणि पेरणी आली की धुरा कोणी सरकवला यावर भांडण. जुन्या पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत 'कोणाला उठवायचं' हे लिहिलेलं असे. विंडोज नव्यानं टाकलं की ते आपलंच नाव तिथं लिही आणि लिनक्स घरात असून बेपत्ता होई. शिवाय वाटणी करताना आधीचा मजकूर सरकवावा लागतो. मी माझ्या संगणकावर हा उद्योग भर उन्हाळ्यात केला. यूपीएस नव्हता, लाइन गेली, आणि तीन वर्षांचे फोटो गेले. दोष माझाच.

दुसरी डिस्क म्हणजे दुसरा सातबारा. अडीच इंची एसएसडी आणली, मदरबोर्डवरच्या मोकळ्या साटा पोर्टला जोडली, पॉवर सप्लायची एक मोकळी पिन दिली. दहा मिनिटांचं काम. लॅपटॉपला दुसरी एम.२ खाच असेल तर तीही चालते. एका वेळी एकच सिस्टिम जागी असते, त्यामुळे सगळी रॅम तिलाच मिळते.

खरी युक्ती पुढे आहे. लिनक्स टाकताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवा. आजच्या यूईएफआय संगणकात सुरू होण्याच्या फायली डिस्कवरच्या एका छोट्या वेगळ्या कप्प्यात असतात. उबुंटूचा जुना इन्स्टॉलर, तुम्ही दुसरी डिस्क निवडली तरी, या फायली पहिल्या डिस्कच्या कप्प्यात टाकून मोकळा व्हायचा. मग पुढं कधी पहिली डिस्क काढली की दुसरीही उठत नाही. केबलच नसेल तर इन्स्टॉलर जाणार कुठं? काम झाल्यावर केबल परत लावायची आणि सुरू करताना एफ१२ दाबून डिस्क निवडायची. एचपीवर बहुधा एफ९, असूसच्या मदरबोर्डवर एफ८. पहिल्या दिवशी दादानं ती कळ कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवली.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला: घड्याळ साडेपाच तास मागे. विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळाला स्थानिक वेळ मानतं, लिनक्स त्यात जागतिक वेळ ठेवतं, आणि भारताचा फरक नेमका साडेपाच तासांचा. लिनक्सला एका ओळीची आज्ञा दिली की मिटतं. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप'ही बंद करावं. ते चालू असलं की शटडाउन पुरतं होत नाही आणि लिनक्सला त्या डिस्कवर लिहिता येत नाही. बिटलॉकर हे विंडोजचं डिस्कचं कुलूप चालू असेल तर डब्याला हात लावण्याआधी त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या.

एवढं करूनही सगळं वेगळं होत नाही. डिस्क दोन असल्या तरी मदरबोर्ड एकच. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनं सिक्युअर बूटची, म्हणजे सुरू होताना कोणाला उठू द्यायचं याची, नवी यादी मदरबोर्डच्याच स्मृतीत लिहिली आणि ठिकठिकाणचे लिनक्स उठेनासे झाले. तिथं वेगळ्या डिस्कचाही इलाज चालला नाही. तरीही माझं मत पक्कं आहे: ज्याच्या पोटाचं काम एका सिस्टिमवर आहे, त्यानं दुसरी त्याच डिस्कवर टाकू नये.

दादाच्या विंडोजला आता नेट नाही. त्यावर फक्त पेजमेकर. मेल, अर्ज आणि गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लिनक्सवर उघडतात. तुम्हाला करायचं असेल तर आधी जुन्या फाइली आणि फाँट बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. आणि तुळशीचं लग्न लागायच्या आत उरका. त्यानंतर पत्रिकावाले दारात उभे राहतात.